उंदरांचा वेग

"उंदीर थकलेत," अप्पा म्हणाले. पडद्यावरची नजर न काढता, कुणालाही उद्देशून नाही, 'ऊन चढलं' म्हणावं तसं. माझी पेन्सिल भिंतीवरच्या आलेखाच्या कागदावर बत्तिसाच्या रेघेवर टेकलेली होती. ती तिथेच थांबली. मंगळवार होता, सकाळचे पावणेनऊ. स्वयंपाकघरात आईने तव्यावर पहिली भाकरी टाकली होती आणि तिथूनच तिने रोजच्यासारखं विचारलं, "झाले का तीस?" मी "झाले" म्हणाले. माझा आवाज मला नीट ऐकू आला, म्हणजे तो नेहमीचा नसणार. अप्पांनी रबरी बटणांवरून हात उचलला, मांडीवर ठेवला आणि तो हात तिथे स्थिर होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखे. उंदीर खरोखरच हळू झाले होते. दर सकाळी ते कोण हळू करतं हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस मी होते.

हे आधी सांगायला हवं. अप्पा, म्हणजे माझे वडील महारुद्रअप्पा, यांचं पाटोद्याला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सत्याऐंशी साली ते पुण्याला कसल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि येताना एक घरगुती संगणक घेऊन आले. वहीएवढा, काळा, राखाडी रबरी बटणांचा. टीव्हीच्या ॲन्टेनाच्या भोकात त्याची वायर जायची आणि प्रोग्रॅम कॅसेटवर असायचा. टेपरेकॉर्डर लावला की चार मिनिटं कर्कश किंचाळी ऐकावी लागायची, पडद्याच्या कडांवर निळे-पिवळे पट्टे धावायचे, आणि मग सगळं शांत होऊन एक फडताळ दिसायचं. पाच फळ्या, प्रत्येक फळीच्या टोकाला बीळ, खाली धान्याची कणगी, आणि एक मांजर. हा खेळ अप्पांनी स्वतः लिहिला होता. मांजर मात्र आईचं. मांजर काढायला आठ बाय आठ चौकोनांची जागा असायची, आणि अप्पांनी काढलेलं काहीही मांजरासारखं दिसेना. तेव्हा नव्या नवरीने, म्हणजे शिवकांताने, ओट्यावर रांगोळीचे आठ ओळींत आठ ठिपके टाकले आणि त्यांतले नको ते पुसत पुसत मांजर काढून दाखवलं. त्याचा एक कान मोठा आहे. आई म्हणते, तो मोठा नाही, तो वळलेला आहे, ते ऐकतंय.

मी जन्मले तोवर त्या यंत्राला बारा वर्षं झाली होती आणि ते म्हातारं धरलं जात होतं. पण प्रोग्रॅममधली फेरी म्हणजे काय, अट म्हणजे काय, मला हे सातव्या वर्षी त्याच्यावरच कळलं. पुढे भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करताना जे जे अवघड म्हणून समोर आलं, त्यातलं बरंचसं मी त्या पाच फळ्यांवर आधी पाहिलेलं होतं. एक गोष्ट मात्र बरीच मोठी होईपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती. त्या खेळात उंदीर मरत नाही. मांजराने त्याला गाठलं की 'टिक' असा आवाज येतो, कोपऱ्यातला आकडा एकाने वाढतो आणि उंदीर आपल्या बिळात परत जातो. दोन क्षणांनी पुन्हा बाहेर. तेच पाच उंदीर, तीन मिनिटं, कितीही वेळा. बाजाराच्या दिवशी दुकानात हा खेळ बघायला गर्दी व्हायची. कडा गावचा बंकट नावाचा अप्पांचा दोस्त रेडिओ दुरुस्तीला आणायचा आणि रेडिओ झाला तरी जायचा नाही. त्याने पहिल्यांदा हे पकडलं. "महारुद्र बे," तो म्हणाला, "तुजं मांजर बी वाण्याचंच हाय की. धरतंय अन् सोडून देतंय." आमच्याकडे लिंगायतांना वाणीच म्हणतात. दुकान हसलं. अप्पा सोल्डरची तार वितळवत म्हणाले, "गळ्यात लिंग घालून त्याला उंदीर खायला लावू का मी? धरणं त्याचं काम हाय. खाणं न्हाई." हे मी ऐकलेलं नाही, मी तेव्हा नव्हते. पण आई ते इतक्यांदा सांगते, की सोल्डरचा वाससुद्धा मला आठवतो.

गेल्या वर्षी अप्पा दुकानाची किल्ली घेऊन दुकान शोधत बसस्टँडपर्यंत गेले. त्यानंतर अंबाजोगाईला तपासण्या झाल्या आणि दर पंधरा दिवसांच्या हेलपाट्यांपेक्षा बरं म्हणून आम्ही तिथेच, धान्याच्या मोंढ्याच्या मागे, दोन खोल्या भाड्याने घेतल्या. डॉक्टरांनी चित्र दाखवलं. मेंदूचा जो भाग आक्रसत होता त्यावर त्यांनी बॉलपेनचं टोपण फिरवलं आणि सांगितलं की रोज एकच काम, एकाच वेळी, त्यांच्या आवडीचं, करायला लावा. किती जमतं ते लिहून ठेवा. मला मोजायला दिलं की मी शांत होते. दुसऱ्याच दिवशी मी पाटोद्याहून ते यंत्र, टेपरेकॉर्डर आणि चौदा इंची टीव्ही टेम्पोत घालून आणला. जून महिना होता. पहिल्या सकाळी अप्पांनी तीन मिनिटांत अडतीस उंदीर धरले. मांजर उडी मारताना त्यांची हनुवटी किंचित वर जात होती. मी भिंतीला आलेखाचा कागद लावला: आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर उंदीर.

मग ऑगस्टमध्ये मला कोलकात्याच्या एका संशोधन संस्थेतून पत्र आलं. पाच वर्षांची जागा, जानेवारीत रुजू व्हायचं. ते पत्र मी फोनवर किती वेळा उघडलं हे मी मोजलेलं नाही, आणि मी सहसा मोजते. बसवेश्वर, माझा थोरला भाऊ, पुण्याजवळ एका कारखान्यात आहे. त्याची सुट्टी म्हणजे रविवार आणि रविवारातही अर्धा. फोनवर आम्ही दोघांनी ठरवलं: डिसेंबरअखेर अप्पा तीसच्या वर असतील तर मी जायचं. खाली आले तर आई एकटी त्यांना कशी सांभाळणार, मग मी थांबायचं. तीस हा आकडा मीच सुचवला होता. त्यामागे काही शास्त्र नव्हतं. तो सरळ आकडा होता आणि त्या दिवशी अप्पांचे चौतीस झाले होते.

सप्टेंबरच्या शेवटी एकोणतीस आले. मग सत्तावीस. मग एकदा तेवीस. आलेखावर ते तीन ठिपके पायऱ्यांसारखे दिसत होते, आणि पायऱ्या कुठे जातात हे दिसायला विज्ञान लागत नाही. चौथ्या दिवशी सकाळी अप्पा आतल्या खोलीत पूजेला बसले होते. आंघोळ झाली की कपाळाला विभूती लावून, गळ्यातल्या करडगीच्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेऊन ते बसतात, तळहात डोळ्यांच्या रेषेत, पंधरा-वीस मिनिटं. त्या हाताला अजूनही कंप नाही. आई शेजारी बसते, पूजा झाली की लिंग पुन्हा करडगीत गेलं ना ते बघायला. तेवढा वेळ बाहेरच्या खोलीत मी एकटी असते. कॅसेट चढली होती, पट्टे धावून थांबले होते. मी खेळ सुरू करण्याऐवजी प्रोग्रॅम उघडला. ओळ तीनशे चाळीस: चार फेऱ्या झाल्या की उंदीर एक घर पुढे. मांजर दर फेरीला हलतं, उंदीर दर चौथ्या. मी चाराचे पाच केले. त्या दिवशी एकतीस आले. आईने विचारलं, मी "झाले" म्हणाले, आणि अप्पांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नोव्हेंबरात पाचाचे सहा केले. आता डिसेंबरात नऊ. कॅसेटवर मी काहीच बदललेलं नव्हतं. रोज सकाळी खरा खेळ उतरायचा आणि मी तो रोज नव्याने खोटा करायचे, सव्वाआठ ते साडेआठ, शेजारच्या खोलीतून बेलाच्या पानांचा ओला वास येत असताना.

मी स्वतःला कारणं दिली. विद्यार्थी प्रयोगशाळेत देतात तशीच: उपकरण जुनं आहे, रबरी बटणं कडक झाली आहेत, थंडीत बोटं आखडतात, तेव्हा ही दुरुस्ती आहे, फसवणूक नाही. दुरुस्ती असती तर मी ती कागदावर लिहिली असती. कागदाच्या कोपऱ्यात 'शेरा' म्हणून रकाना मीच आखला होता, तो अडीच महिने कोरा आहे. मला अप्पा बरे व्हायला हवे होते असंही नाही, हे मी एकदा जिन्यात उभी असताना स्वतःशी स्पष्ट शब्दांत म्हणून पाहिलं. मला ते तीस हवे होते. बत्तीस, एकतीस, तेहतीस अशी ती सपाट रेषा बघताना मला श्वास घेता यायचा. त्या कागदावर आता अप्पा नव्हतेच. मला किती जायचं आहे त्याचा आलेख मी काढत होते, रोज एक ठिपका, तारखेसह.

आणि मंगळवारी ते म्हणाले, उंदीर थकलेत.

दुपारी मी दादाला फोन केला. त्याच्या मागे कसलीतरी मोठी पाती फिरत होती.

"किती आज?"

"बत्तीस."

"मग काय शिवकन्या, बॅग भर की. रविवारी गाडी न्हाई का तुझी परळीहून?"

"दादा, ते म्हणाले उंदीर थकलेत."

तो हसला. "बरोबरच हाय. अडतीस वर्षं झाली, पेन्शनीला आले असतील." मग म्हणाला, "तू कावून एवढी घाबरतीस? बोलतात म्हणजे चांगलंच हाय की."

मी त्याला सांगितलं नाही. सांगायचं म्हणूनच फोन केला होता.

त्या दिवशी जेवताना मी अप्पांना विचारलं, "अप्पा, उंदीर थकले म्हणजे काय?" त्यांनी घास थांबवून माझ्याकडे पाहिलं. "कोणते उंदीर?" मग आईकडे वळले. "घरात उंदीर झालेत का गं? पिंजरा लावा." आई म्हणाली, "न्हाईत हो, जेवा तुमी." त्यांनी वरणात भाकरी कुस्करली, पुरेशी बारीक झाल्यावरही कुस्करतच राहिले, आणि आईने त्यांच्या बोटांवर आपली बोटं ठेवून ती थांबवली. त्यांचं हे रोजचं झालं आहे. मला तरीही ते दर वेळी नव्याने दिसतं.

बुधवारी अप्पा झोपलेले असताना मी टीव्हीसमोर बसले. खेळ चार फेऱ्यांवर खेळले, मग नऊवर. नऊवर उंदीर खरंच रेंगाळतात, पण मला ते माहीत होतं म्हणून दिसत होतं. म्हणून आईला बोलावलं. दोन्ही वेग उलटसुलट करून, मधे पडदा बंद ठेवून, दहा वेळा दाखवले आणि कुठले उंदीर जास्त जोरात पळतात ते ओळखायला सांगितलं. आईने पदराला हात पुसले आणि मन लावून पाहिलं. दहात तिचे सहा बरोबर आले. छापा-काटा करूनही पाच येतात. "मला सगळे सारखेच दिसतात बाई," ती म्हणाली. "अन् हे सगळं कशाला? तुझी बांधाबांध राहिलीय." ती तशीच बसून राहिली. पडद्यावर तिचं मांजर फळीवर उभं होतं, कुणी बटण दाबत नव्हतं, उंदीर त्याच्या पुढून जात होते. "तू गेल्यावर हे यंत्र मला लावता येईल का," तिने विचारलं, "का हे बी तुझ्यासंगंच जाणार?" मी म्हणाले, शिकवीन. त्यात शिकवण्यासारखं इतकंच होतं: कॅसेट लाव, थांब, आणि तीनशे चाळीसव्या ओळीला हात लावू नकोस.

त्या प्रयोगाने माझी झोप उडवली, पण दुःखाने नाही. जे आईला दिसत नव्हतं ते अप्पांना दिसलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, आधीचा वेग शेजारी ठेवून दाखवला नव्हता. अडीच महिन्यांत थोडं थोडं हळू होत गेलेलं त्यांनी ओळखलं होतं, म्हणजे त्यांच्या आत कुठेतरी मूळचा वेग अजून शाबूत होता, तो हळू वेगाशी ताडून बघणारं कुणीतरी शाबूत होतं. मग खाली काय गेलं होतं? कदाचित फक्त हात. डोळ्यापासून बोटापर्यंतची वाट लांबली असेल आणि मी त्या वाटेलाच माणूस समजत असेन. तापमापक फुटला म्हणून ताप आहे असं म्हणावं, तशी चूक. गुरुवार-शुक्रवार मी या एका विचारावर जगले. रस्त्यातून जाताना रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, मेडिकलवरची रांग, मोंढ्यातल्या तुरीची धूळ, सगळं मला स्पष्ट, धुतल्यासारखं दिसत होतं. हे खरं असेल तर मी जाऊ शकत होते. लबाडी न करता. आलेख फाडून, आईला आणि दादाला खरं सांगून: अप्पा आत आहेत, हात थकलाय. मी अगदी वाक्यं तयार केली होती. पण त्यासाठी एकदा खरं मोजायला हवं होतं, आणि मोजल्यावर त्यांच्याशी बोलायला हवं होतं. शनिवारची सकाळ ही शेवटची होती.

शनिवारी कॅसेट उतरली तेव्हा सव्वाआठ वाजले होते. आतून आईचा आवाज येत होता, "झाली की हो पूजा, आता ठेवा." अप्पा दुसऱ्यांदा पूजेला बसले होते, हल्ली झालेली पूजा त्यांना झालेली वाटत नाही. मी हात मांडीखाली दाबून बसले. प्रोग्रॅम उघडला नाही. चार म्हणजे चार.

अप्पा आले, खुर्चीवर बसले. कपाळावर विभूतीचे दोन थर होते. खेळ सुरू झाला आणि उंदीर बिळातून सुटले, मी विसरले होते इतक्या जोरात. मांजर निघायचं आणि जिथे उंदीर नुकताच होता तिथे पोचायचं. प्रत्येक वेळी बरोबर तिथेच. त्याला ठिकाण कळत होतं, वेळ कळत नव्हती. पहिला 'टिक' पन्नासाव्या सेकंदाला आला आणि तोही उंदीर स्वतःच मांजरावर येऊन धडकल्यामुळे. अप्पांची हनुवटी वर जात नव्हती. ते रागावले नाहीत, चिडले नाहीत. त्यांचा चेहरा गर्दीत कुणाची तरी वाट बघणाऱ्या माणसासारखा होता. दुसरा 'टिक' दोन मिनिटांनंतर. मग शेवटचे चार सूर वाजले आणि कोपऱ्यात आकडा स्थिर राहिला. दोन.

"झाले का तीस?" आईने आतून विचारलं.

मी कागदापुढे पेन्सिल धरून उभी होते. दोनाच्या रेघेवर ठिपका द्यायचा तर वाकावं लागणार होतं, ती रेघ इतकी खाली होती.

"लिही की पोरी," अप्पा म्हणाले.

"किती लिहू, अप्पा?"

"तीस."

"दोन झालेत."

"दोनच हायत. मला दिसतंय की. आंधळा हाय का मी?" त्यांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला, दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन खरं सांगावं तसा. "पर तुला तीस लागतात न्हवं? रोज बघतो मी. तीस झाले की तुझं तोंड उजळतंय, खाली गेले की पडतंय. लिही तीस. मोजायला कोण येतंय."

सात महिने मी त्यांच्यासमोर उभी राहून त्यांना मोजत होते आणि ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी माझं निरीक्षण केलं होतं, अनुमान काढलं होतं, आणि ते अनुमान बरोबर होतं. दोनच उंदीर धरणारा हा माणूस आतून संपलेला असता, तर त्याला हे करता आलं नसतं. मी जे गुरुवारपासून म्हणत होते तेच खरं होतं. मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले आणि त्यांच्या हाताला हात लावला. तो हात गार होता आणि त्याला आंघोळीच्या साबणाचा वास होता. "अप्पा," मी म्हणाले, "मी जाऊ का?"

"जा की," ते म्हणाले, लगेच. मग त्यांनी मान वळवून आत हाक दिली. "शिवकांता, ह्या पोरीला चहा दे अन् जाऊ दे आता. रोज येती बिचारी, तासभर उभी राहती. हिच्या घरचे वाट बघत असतील."

आई दारात आली. पीठ लागलेला हात तिने चौकटीला लावला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहिलं. मग ती आत गेली. थोड्या वेळाने ती पाहुण्यांच्या कपबशीतून चहा घेऊन आली, ती सोनेरी काठाची, जी आम्ही घरात कधी वापरत नाही. "घे," ती हळूच म्हणाली. अप्पा बघत होते. मग जरा मोठ्याने म्हणाली, "घ्या, ताई."

मी खुर्ची ओढून बसले आणि चहा घेतला. पाहुणीसारखा, बशी हातात धरून.

"कुठल्या तुमी?" अप्पांनी विचारलं.

"पाटोद्याच्या."

"हो का?" ते खुलले. "आमचं दुकान होतं की पाटोद्याला. रेडिओचं."

"माहीत आहे," मी म्हणाले. "चांगलं दुकान होतं."

मी कप खाली ठेवला तसे ते उठले. घरी आलेल्या माणसाला दारापर्यंत पोचवायचं, हे त्यांच्या पायांत अजून आहे. मी चप्पल घातली. ते चौकटीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "सावकाश जा. पायऱ्या उंच हायत." मी उतरले. बावीस पायऱ्या. वळणावर मागे पाहिलं तेव्हा ते अजून उभे होते, आणि मी दिसेनाशी होईपर्यंत दार लावलं गेलं नाही.

खाली पाण्याच्या टाकीपाशी दोन मोटारसायकली होत्या आणि त्यांच्या सीटवर ऊन आलं होतं. माझ्याकडे फोन होता, पिशवी नव्हती, ओढणी नव्हती. मी दादाला फोन लावला.

"दोन," मी म्हणाले.

"काय दोन?"

"उंदीर. आज."

"यंत्र बिघडलं असंल."

"यंत्र आज नीट होतं, दादा. आजच नीट होतं. ऑक्टोबरपासून मी ते बिघडवत होते." मग मी त्याला ती ओळ सांगितली, चार, पाच, सहा, नऊ. पात्याचा आवाज येत नव्हता, दादा कुठेतरी बाजूला जाऊन उभा असणार.

"कावून केलंस असं?" त्याने शेवटी विचारलं, आणि मग मी उत्तर देण्याआधीच, "जाऊ दे, कळलं." आणि लगोलग: "त्यांनी ओळखलं का तुला आज?"

ओळखलं, असं मला म्हणता आलं असतं. जितकं त्यांनी आज मला ओळखलं तितकं कुणी कधी ओळखलेलं नाही. त्यांनी मला काय हवं ते पाहिलं होतं आणि द्यायची तयारी दाखवली होती. फक्त ते कुणाला देत होते हे त्यांना माहीत नव्हतं. माझ्या सगळ्या मोजमापांत या गोष्टीसाठी रकाना नव्हता, आणि मी त्या टाकीपाशी उभी राहून तो मनातल्या मनात आखायचा प्रयत्न करत होते, आडवा अक्ष, उभा अक्ष, आणि एकक सापडत नव्हतं.

"उद्याच्या गाडीचं काय मग?" दादा म्हणाला.

"माहीत नाही."

"मी येऊ का?"

"तू रविवारी अर्धाच येतोस," मी म्हणाले. ते लागावं म्हणून म्हणाले होते आणि ते लागलं. मी फोन ठेवला. उद्या या वेळी परळीच्या फलाटावर उभं राहता येईल, हे मी स्वतःला सांगून पाहिलं. अप्पा म्हणालेच होते, जा की. परवानगी मिळालेली होती, अगदी मोकळ्या मनाने, आणि तिचा मला काही उपयोग नव्हता.

मी पुन्हा बावीस पायऱ्या चढले. दार लोटलेलं होतं, तरी मी कडी वाजवली. का ते मला सांगता येणार नाही. बहुधा अजून एक मोजमाप घ्यायचं होतं. दार अप्पांनीच उघडलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आदराने, अनोळखी बाईकडे बघतात तसं.

"कोण पाहिजे?"

"शिवकन्या आहे का?"

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. "न्हाई बा," ते म्हणाले. "ती गेली की. लांब गेली, शिकायला, कलकत्त्याला. तिचे तीस झाले न्हवं." मागे आई उभी होती, तिने पदर तोंडाला लावला होता. अप्पा बाजूला सरकले आणि दार पूर्ण उघडलं. "तुमी या की आत. दारात कावून उभ्या?"

मी चप्पल काढली.